घारसर नाच बघायला जातात

"आज मी तोंड उघडणार नाही!" घरातून निघताना घारसरांनी जाहीर केलं. "एक अक्षर नाही! कुणी पायावर पाय दिला, तरी हसून त्याला दुसरा पाय पुढे करीन. वाटल्यास लिहून देतो!"

"लिहून नको," बायको म्हणाली. "नुसते गप्प बसा. तेवढं पुष्कळ झालं."

मंडळी, ही प्रतिज्ञा बसच्या थांब्यापर्यंत अगदी व्यवस्थित टिकली. तिथं एक गृहस्थ रांग मोडून पुढे सरकले आणि घारसरांनी त्यांना नागरिकशास्त्र, शिस्त आणि त्यांच्या आईवडिलांनी केलेलं संगोपन या तीन विषयांवर असं काही सुनावलं, की ते बिचारे बस सोडून चालतच निघाले.

"हे धरायचं नाही," बसमध्ये बसल्यावर घारसर म्हणाले. "प्रतिज्ञा नृत्यगृहापुरती आहे."

घारसर हे त्यांचं नाव नव्हे. ते शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं. सर गणित शिकवायचे, पण त्यांची ख्याती होती परीक्षेच्या पर्यवेक्षणाची. मागच्या भिंतीला टेकून ते उभे राहायचे आणि तिथून त्यांना पहिल्या बाकावरच्या पोराच्या बाहीतली चिठ्ठी दिसायची. घारीला वरून उंदीर दिसतो म्हणतात. मुलं म्हणायची, आपल्या सरांना उंदराच्या खिशातला कागदसुद्धा दिसतो! कॉपी पकडली की सर आनंदी व्हायला हवे होते, पण ते आणखी चिडायचे. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर कायमचा मुक्कामाला होता. इतर माणसं दम लागला की थांबतात. घारसर दम लागला की आवाज वाढवायचे.

आणि आज तर गप्प बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण आज लेकीची निवड होती. गावातल्या त्या जुन्या, नावाजलेल्या नृत्यगृहाचा स्वतःचा नर्तकांचा संघ होता. नव्या हंगामासाठी संघाच्या बाई एक मुख्य नर्तिका निवडणार होत्या, आणि ती भरलेल्या प्रेक्षागृहासमोर नाच बघूनच निवडायची, अशी तिथली रीत होती. लेक पावलं टाकायला लागल्यापासून याच एका जागेची स्वप्नं बघत आली होती. मैत्रिणींच्या सहली सोडल्या, झोप सोडली, गोड खाणं सोडलं. सकाळी घरातून निघताना ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, आज फक्त बघा. दुसरं काही करू नका."

"म्हणजे? मी दुसरं काय करतो?" घारसर गरजले होते.

नृत्यगृह खरोखर बघण्यासारखं होतं. दारावर चुन्यातल्या नर्तकींची रांग, त्यातल्या निम्म्यांची नाकं काळाने नेलेली. जिन्याच्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या. खुर्च्यांच्या मखमलीला टक्कल पडलेलं. पण सगळी श्रीमंती होती ती रंगमंचाच्या लाकडात. त्या जुन्या फळ्यांखाली पोकळी होती आणि नर्तिकेने नुसती टाच टेकवली तरी तो आवाज थेट वरच्या सज्ज्यापर्यंत पोचायचा. म्हणून प्रेक्षकांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, असा तिथला दंडक. खोकला आला तर माणसं बाहेर जाऊन खोकून येत. खोकल्याच्या गोळीचा कागद तर घरूनच सोडून आणत!

दारात एक टापटीप कोटातला माणूस उभा होता. तो या वास्तूचा व्यवस्थापक. घारसरांना बघताच त्याचा चेहरा उजळला. "सर! ओळखलंत? मी तुमचा विद्यार्थी!"

"कुठली तुकडी?"

"ते आठवत नाही सर. पण वार्षिक परीक्षेत तुम्ही मला पकडलं होतं. मोज्यात चिठ्ठी होती. वर्ष गेलं माझं."

"अरे वा! शाबास!" घारसर मनापासून म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून आत शिरले.

आतल्या दारात एक मुलगी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक घडी केलेला कागद देत होती. कार्यक्रमात काय काय आहे, त्याची माहिती. तिने घारसरांपुढे कागद धरला आणि घारसर उडालेच.

"कागद? हॉलमध्ये कागद आत न्यायचा?"

"अहो, तो कार्यक्रमाचा कागद आहे," बायको म्हणाली.

"कशाचाही असो! कागद तो कागद!" म्हणत त्यांनी तो मुलीच्या हातातून काढून घेतला, बायकोच्या हातातलाही ओढला, दोन्ही खिशात कोंबले आणि खिशावर हात दाबून धरला. जन्मभराची सवय! बायकोने कपाळाला हात लावला. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि कुठल्या रोग्याशी वाद घालायचा नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जागा सापडली आणि घारसरांचं डोकंच फिरलं. त्यांच्या खुर्चीच्या बरोब्बर पुढे एक ओतीव लोखंडाचा नक्षीदार खांब! लोखंडी वेली, लोखंडी फुलं, लोखंडी पोपट. रंगमंच अर्धा पोपटाच्या डावीकडे आणि अर्धा उजवीकडे. मधला भाग पोपटालाच दिसत असेल तर असेल.

"सूड!" घारसर फुत्कारले. "हा त्या मोजेवाल्याने उगवलेला सूड आहे! बोलाव त्याला!"

बोलवायला लागलंच नाही. आवाज ऐकून व्यवस्थापक स्वतःच धावत आला.

"हा खांब इथे कुणी लावला?"

"ज्यांनी इमारत बांधली त्यांनी, सर."

"मला ओळखून तू ही जागा दिलीस!"

"सर, जागा तुमच्या मुलीने घेतलीय. रंगमंचाच्या जवळच्या हव्यात म्हणाली. जवळच्या एवढ्याच उरल्या होत्या."

"मग खांब हलवा!"

"वास्तू जुनी आहे सर. इथे एक खिळा ठोकायचा तरी वरून परवानगी आणावी लागते. आणि खांब काढला तर सज्जा खाली येईल. सज्ज्यात माणसं आहेत."

शेजारच्या खुर्चीतल्या जाड्या बाईंनी "शूऽऽ" केलं. घारसरांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की एखाद्या दहावीच्या पोराने उत्तरपत्रिका देऊन टाकली असती. पण बाईंना शाळा सोडून पुष्कळ वर्षं झाली होती. त्यांनी पुन्हा "शूऽऽ" केलं, आणि तेवढ्यात दिवे मालवले.

पडदा वर गेला. घारसरांनी मान डावीकडे काढली. काही नाही. उजवीकडे काढली, ती थेट जाड्या बाईंच्या खांद्यावर. आणि तिथून त्यांना लेक दिसली!

पांढऱ्या वेषात रंगमंचाच्या पुढच्या कडेला ती उभी होती. तिने हात उचलला. ही आपली पोर? घरात चहाचा कप उचलताना सांडणारी? तिची टाच फळीवर पडली आणि तो आवाज पार छताला जाऊन भिडला. घारसरांचे डोळे भरून आले. त्याचाही त्यांना राग आला आणि त्यांनी ते मनगटाने खसाखसा पुसले.

पुसलेल्या डोळ्यांना मग ती दुसरी दिसली.

लेकीच्या मागे चार पावलांवर एक काटकुळी मुलगी नाचत होती. लेकीने उजवा हात उचलला की एका क्षणाने हिचा हात वर. लेक वळली की एका क्षणाने ही वळली. लेक वाकली, ही वाकली. आणि नजर? नजर सरळ लेकीच्या पाठीवर खिळलेली!

घारसर ताठ झाले. मागच्या बाकावरून पुढच्याचं बघून लिहिणारी पोरं त्यांनी हजारोंनी पाहिली होती. तेच डोळे! तोच एका क्षणाचा उशीर!

"अगं," ते बायकोच्या कानात म्हणाले, "ती मागची आपल्या पोरीचं बघून करतेय."

"गप्प बसा."

"सगळं! हातसुद्धा, पायसुद्धा! अगं, कपडेसुद्धा तसलेच घातलेत!"

बायकोने चिमटा काढला. परिचारिकेचा चिमटा तो! सुई टोचावी तसा थेट आत गेला. घारसर कळवळून दंड चोळू लागले. पण आत सगळं खदखदत होतं. इथं माझ्या पोरीने झोप मोडायची, घाम गाळायचा आणि या काटकुळीने फुकटात सगळं उतरवून घ्यायचं? आणि उद्या निवड हिची झाली तर? समोर इतकी माणसं बसलीत, एकालाही दिसत नाही? सगळे आंधळे? पर्यवेक्षक म्हणून संघाच्या त्या बाईंना बसवलंय तरी कशाला?

बोलायचं नाही, हे त्यांनी कबूल केलं होतं. बरं, नाही बोलत! परीक्षेच्या हॉलमध्येही ते कुठं बोलायचे? त्यांची एक खूण होती. खिशातली घराची किल्ली काढून बाकावर तीनदा वाजवायची. टक, टक, टक. याचा अर्थ, मला दिसतंय. त्या आवाजाने कॉपी करणाऱ्याचं पेन थांबायचं, आणि न करणाऱ्याचंही.

घारसरांनी किल्ली काढली आणि समोरच्या लोखंडी पोपटावर वाजवली.

टक! टक! टक!

ओतीव लोखंड ते, वरपासून खालपर्यंत पोकळ. आवाज देवळातल्या घंटेसारखा घुमला आणि सबंध प्रेक्षागृहाने एकदम मान वळवली. जाड्या बाईंनी छातीवर हात ठेवला. सज्ज्यातून कुणीतरी "कोण आहे रे तो?" असं म्हणालं. काटकुळीवर मात्र ढिम्म परिणाम नाही! ती आपली लेकीकडे बघत नाचतच होती. उलट लेकीचंच एक पाऊल अडखळल्यासारखं झालं.

झालं! घारसरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खूण करूनही थांबत नाही? एवढा निर्ढावलेला गुन्हेगार त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. ते खुर्चीवरून उठले. बायकोने कोट धरला, कोट तिच्या हातात राहिला. जाड्या बाईंचा पाय तुडवून, दोन माणसांच्या गुडघ्यांवरून झेपावत ते मधल्या वाटेत आले आणि त्या श्वास रोखून बसलेल्या, गोळ्यांचे कागद घरी सोडून आलेल्या माणसांच्या मधोमध उभे राहून ओरडले,

"कॉपी! कॉपी चाललीय! पकडली! मला सगळं दिसतंय!"

पुढचं फार भराभर झालं. व्यवस्थापक मांजराच्या पावलांनी त्यांच्याजवळ आला. त्याने आवाज चढवला नाही. तो अगदी थंडपणे म्हणाला, "सर, उठलाच आहात तर आवाज न करता बाहेर या. उरलेला वेळ बाहेर उभं राहायचं."

हे वाक्य घारसर ओळखत होते. ते त्यांचंच होतं. आणि गंमत अशी की त्या वाक्यापुढे काही चालत नाही, हेही त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते मुकाट्याने बाहेर गेले.

बाहेरच्या ओसरीत भिंतीवर जुन्या नर्तकींच्या तसबिरी होत्या. सगळ्या जणी घारसरांकडे तिरक्या नजरेने बघत होत्या.

"पण ती मुलगी कॉपी करत होती!" घारसर कुजबुजत ओरडले. हा प्रकार त्यांना एकट्यालाच जमायचा.

"सर, कागद वाचलात?"

"हॉलमध्ये कागद न्यायचा नसतो!"

"तुमच्या खिशात दोन आहेत."

घारसरांनी चुरगळलेली घडी उलगडली. चष्मा कोटाच्या खिशात आणि कोट बायकोच्या हातात, म्हणून कागद लांब धरून त्यांनी वाचलं. 'तळ्याकाठची मुलगी आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब.' खाली लेकीचं नाव मुलगी म्हणून. काटकुळीचं नाव प्रतिबिंब म्हणून.

"प्रतिबिंब एका क्षणाने मागे राहतं सर, कारण पाणी हलतं," व्यवस्थापक शांतपणे म्हणाला. "दोघी वर्षभर तेवढंच घोटतायत. खाली निळं कापड अंथरलंय. तुम्हाला बहुतेक खांबामुळे दिसलं नसेल."

घारसरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते भिंतीला टेकले. पण राग असा सहजासहजी घर सोडून जातो होय? "मग मोठ्या अक्षरांत लिहायला काय झालं होतं?" ते म्हणाले. "आणि पाण्याला हलायची काय गरज होती?" हे म्हणता म्हणता मात्र त्यांचा आवाज बसला, कारण दाराच्या फटीतून आतला आवाज येत होता. पावलांचा. नाच थांबला नव्हता! फळ्यांवर टाचा पडत होत्या, आधी संथ, मग जोरात, मग पाऊस कौलांवर उतरावा तशा. घारसरांनी दाराला कान लावला. व्यवस्थापकाने बघून न बघितल्यासारखं केलं. दाराला कान लावून घारसर आयुष्यात पहिल्यांदा नुसते ऐकत राहिले. पोरीचं काही वाकडं होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. झालं तर ते आपल्यामुळे, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

मग टाळ्या पडल्या. कशा टाळ्या! जुन्या इमारतीची धूळ खाली आली.

बायको कोट घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा रागाने लाल होता, पण डोळे हसत होते. "तुमचं नशीब थोर आहे," ती म्हणाली. "काही बिघडलं नाही. लोक उभे राहिलेत. संघाच्या बाई स्वतः डोळे पुसत होत्या. शेजारची म्हणाली, आता दुसरं नाव घ्यायलाच नको."

"म्हणजे आपलीच?"

"आपलीच. आता तरी गप्प बसा!"

घारसरांनी कोट चढवला, बटणं लावली, तसबिरींकडे मान वर करून बघितलं. व्यवस्थापकाच्या पाठीवर पुन्हा थाप मारली. "बघितलंस? अशा गोंधळातही पोर डगमगली नाही! घरचं वळण आहे. तुझ्या मोज्यासारखं नाही!" मग लेकीची वाट बघत ते ओसरीत येरझारा घालू लागले. बाई लेकीला किती शाबासकी देत असतील, याचा हिशोब त्यांच्या मनात चालला होता. आपण काय बोलायचं, तेही त्यांनी ठरवलं. आधी माफी मागायची. थोडक्यात. मग अभिनंदन करायचं. सविस्तर.

गर्दी ओसरली. शेवटी लेक आली. खांद्यावर पिशवी, चेहरा धुतलेला. मागून ती काटकुळी आली. तिने लेकीला घट्ट मिठी मारली, ती रडत होती, आणि घारसरांकडे न बघता ती जिना उतरून गेली.

"बिचारीला वाईट वाटणारच," घारसर मोठ्या मनाने म्हणाले. "तिची मी जातीने क्षमा मागेन. पण तुझं अभिनंदन बाळ!"

"तिची निवड झाली, बाबा."

"कुणाची?"

"तिची. ती मुख्य नर्तिका."

"काय?" घारसरांचा आवाज छताला जाऊन आला. "कुठंय ती बाई? एवढ्या टाळ्या काय प्रतिबिंबाला होत्या? मी बघतो तिच्याकडे! मी वरपर्यंत जाईन!"

"बाबा, थांबा. बाईंनी आधी माझंच नाव घेतलं होतं. मीच नाही म्हणाले."

बायको मटकन पायरीवर बसली.

"तुमची किल्ली वाजली," लेक म्हणाली. तिचा आवाज शांत होता, त्यामुळे ऐकवत नव्हता. "शाळेत इतकी वर्षं ऐकलीय ना ती मी. एकदम डोकं कोरं झालं. पुढची सगळी पावलं पुसली गेली. मग मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्या प्रतिबिंबाकडे बघितलं. तिला सगळं येतं. तिने माझ्या डोळ्यांतच ओळखलं आणि ती एक क्षण पुढे गेली. तिथून शेवटपर्यंत ती करत होती आणि मी तिचं बघून करत होते. आणि तेवढ्यात तुम्ही ओरडलात. खांबाच्या मागून सुद्धा तुम्हाला दिसलं, बाबा! मला वाटलं, आता संपलं. पकडले गेले."

घारसरांचा जबडा खाली आला. "अगं, मी तुला नव्हतो म्हणत! मी त्या पोरीला म्हणत होतो! तुझं मला काहीसुद्धा दिसलं नाही!"

"दिसलं नाही?"

"अजिबात नाही!"

"आईला?"

"छे गं," बायको पायरीवरून म्हणाली.

"आणि त्या बाईंना? त्यांनी पकडलं?" घारसरांनी विचारलं.

"नाही. त्यांनाही कळलं नव्हतं. पाणी आणि मुलगी, कोण पुढे कोण मागे, बघणाऱ्याला काय कळणार? मी आत जाऊन त्यांना सांगितलं. म्हटलं, अर्ध्यापासून पुढचा नाच हिचा आहे, जागाही हिलाच द्या."

"मग? काय म्हणाल्या?" घारसरांनी शेवटची आशा धरली. "प्रामाणिकपणाचं काही...?"

"खूप कौतुक केलं. म्हणाल्या, अशी मुलगी संघात हवीच. मागच्या रांगेत."

घारसरांच्या डोक्यात सगळं एकदम उकळून वर आलं. पोरीची सोडलेली झोप, न खाल्लेलं गोड, आणि तोंडापर्यंत आलेला घास. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि त्या रिकाम्या ओसरीत, जन्मात ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने ते ओरडले,

"अगं, पण कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं ना! मग कबूल करायला तुला सांगितलं कुणी?"

लेकीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. जुनी इमारत ती, वाक्य सावकाश फिरून घारसरांच्या कानाशी परत आलं आणि त्यांना ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. ते हळूच खाली वाकले आणि आधीच घट्ट बांधलेल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.